पन्नासावी बायोप्सी

किडनीचा डॉक्टर व्हायला तीन वर्षं लागतात, आणि त्यातली निम्मी लॉगबुक भरण्यात जातात. लातूरचा मकरंद चेन्नईच्या एका मोठ्या इस्पितळात तिसऱ्या वर्षाला होता. परीक्षेला बसायचं तर पन्नास किडनी बायोप्सी स्वतःच्या हाताने केलेल्या दाखवायच्या, खाली विभागप्रमुखांची सही. त्याच्या झाल्या होत्या एकोणपन्नास. वही द्यायची मंगळवारी. नाही दिली तर सहा महिने घरी.

म्हणून रविवारी कँटीनमध्ये इडली खाता खाता त्याने पन्नासावा पेशंट तयार केला. राणोजी, वय अठ्ठावन्न. आजारही परीक्षकांना आवडतो तसला निवडला, दुर्मिळ, चार-सहा महिन्यांत किडन्या खाऊन टाकणारा. ‘डावी किडनी, सुईने काढलेले दोन तुकडे, रक्तस्राव नाही.’ अख्ख्या वहीत इतकी सुबक नोंद दुसरी नव्हती. खऱ्या पेशंटांच्या ओळींवर सांबार सांडलेलं होतं.

मंगळवारी सकाळी ओपीडी नेहमीसारखी तुंबलेली. पंखा कुरकुरत होता, बाहेर टोकनचे आकडे तमिळमध्ये पुकारले जात होते. सिस्टर धनलक्ष्मीने दार ढकललं.

“डॉक्टर, तुमचा पेशंट. बायोप्सीनंतर दाखवायला आलाय.”

लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, चौकडीचा शर्ट. माणूस हात मांडीवर ठेवून नीट बसला.

“नाव?”

“राणोजी. अठ्ठावन.”

मराठी, तीही तंजावरकडची जुनी. मकरंदला हसूच फुटलं. बरोबर शिकणाऱ्या मुरलीने रविवारी वहीत डोकावलं होतं, हा त्याचाच चावटपणा.

“मुरलीने पाठवलं ना? काय कबूल केलंय, मसाला डोसा?”

“मुरली कोण, मज ठाऊक नाही. इथं दुखतें.”

त्याने शर्ट वर केला. पाठीवर डावीकडे सुईची खूण होती, नेमक्या जागेपासून बोटभर बाहेर. मकरंदची सुई नेहमी बोटभर बाहेर जायची. त्यावरून त्याने एकोणपन्नास वेळा बोलणी खाल्ली होती.

त्याने सोनोग्राफी केली. डाव्या किडनीत सुईच्या दोन बारीक रेघा. रक्त तपासलं. क्रिएटिनिन सहा, असायला हवं एकच्या आसपास.

“मी बरा होईन कां, डॉक्टर?”

उत्तर मकरंदला माहीत होतं. त्यानेच लिहिलं होतं.

तो वही घेऊन विभागप्रमुख सरोजिनी मॅडमकडे गेला. मॅडम तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांनी सगळं ऐकलं, कॉफी संपवली.

“काय पा मकरंद! सोपा आजार नव्हता कां लिहायचा? गोळ्यांनी बरा होतो असला?”

“मॅडम, खोडा ती नोंद. बसतो मी सहा महिने घरी.”

“मीपण एक खोडली होती. सत्तावीस वर्षं झाली.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “बाई होती. माझ्यासमोर चहा पीत बसलेली.”

“मग?”

“नुसता कप पडला.”

त्यांनी वही पुढ्यात ओढली.

“बोल. सही करूं, की खोडूं?”

दाराच्या काचेतून राणोजी दिसत होता. बाकावर बसून शेजारच्या बाईच्या बाळाला हातरुमालाचा उंदीर करून दाखवत होता. बाळ हसत होतं.

“सही करा.”

मॅडमनी केली, तारीखही घातली.

मकरंद बाहेर आला. परीक्षा मिळाली होती.

“काका, उद्या सकाळी ॲडमिट व्हा. औषधं सुरू करू, डायलिसिसही लागेल. घरातलं कुणी सोबत आणा.”

“कोणाला आणूं?”

“कुणीही चालेल. आता घरी जा.”

राणोजी उठला नाही. रुमालाची घडी घालत त्याने शांतपणे विचारलं,

“घर कुठें?”

मकरंदने वही उघडली. नाव, वय, बाजू, तुकडे, आजार. पुढे कोरं.

त्याने मान वर केली. राणोजी त्याच्या खिशातल्या पेनाकडे बघत थांबला होता.