काचेमागची लेकरं

कंदील जरा हिकडं सरकव आन् ताडी ओत. सांगतो. पन मदी मदी 'खरं का?' म्हनून इचारायचं न्हाई. मला कुनी खोटं पाडलं की माजं डोकं फिरतं, गावाला ठावं हाय.

त्या दिशी मी याम, म्हंजे आमच्या रानातलं मोठं कंद, इकायला बाजाराला गेलो व्हतो. वाळवंटाकडनं हरमाटनचा कोरडा वारा सुटलाला, धुळीनं व्हट फुटल्यालं. याम खपलं, मीठ घेतलं, लेकीसाठी, केहिंदेसाठी, उसाचं कांडकं घेतलं आन् घरी आलो. बगतो तर माजी बायकू आबेके उंबऱ्यावर बसल्याली. पाठीला फडकं न्हाई.

आता तिच्या पाठीला फडकं न्हाई म्हंजे काय, ते तुला कळायचं न्हाई. आमाला जुळी झाली व्हती. ताईवो पैला, पोरगा. केहिंदे त्येच्या मागनं, पोरगी. तवापासनं मला कुनी बाबा केहिंदे म्हनतं, कुनी बाबा इबेजी, म्हंजे जुळ्यांचा बाप. ताईवो रांगायला लागला आन् तापानं गेला. जुळ्यातलं येक गेलं की त्येची बाहुली करायची आन् जित्यावानी सांभाळायची. न्हाईतर गेल्यालं लेकरू ऱ्हायलेल्याला हाक मारतं. माज्या बापाच्या वक्ताला लाकडाची कोरून घ्यायचे. आता कोरनारा म्हातारा मेला, त्येची पोरं शहरात टायर इकत्यात. म्हनून आमी बाजारातनं पलाष्टिकची आनली. गुलाबी, गोऱ्या मानसाच्या तोंडाची. मी हसलो व्हतो. पन आबेकेनं तिला छातीशी धरून 'ताईवो' म्हटलं, आन् झाला तो ताईवो. रोज न्हाऊ घालायची, चवळी शिजवून ताडतेल टाकून पैला घास त्येच्या तोंडाला लावायची, मंग पाठीला बांधून रानात. चार वरसं. पुसून पुसून त्येचं नाक बसलं, डोळ्याचा निळा रंग उडाला, गाल नुसतं गुळगुळीत. आमाला तेच त्वांड आवडायचं.

"ताईवो कुटं हाय?" मी इचारलं.

"दिला."

"दिला? कुनाच्या बापाला?"

"बाबा केहिंदे, वरडू नगा. चीफ फासुयी आला व्हता, शहरातला त्यो बडा मानूस. मोटार घिऊन. त्येच्या हातात जुनी लाकडी जुळ्याची बाहुली व्हती, येकटीच. म्हनला, हिचा जोडीदार हरवलाय, ही तुज्या ताईवोला मागतीया." आबेके रडायला लागली. "तिच्या तोंडानं मागितलं हो त्यानं. जुळ्यानं मागितल्यावर आईनं न्हाई कसं म्हनायचं?"

मी यामची पाटी लाथंनं उडवली. पन तिला काय बोलनार? जुळ्यांनी मागितलं की द्यायचं, ही आमची रीत. बाजारात जुळ्यांची आई नाचत आली की चिकटातला चिकट बी हात ढिला करतो. आन् त्या मोटारवाल्यानं तीच रीत फासावानी टाकली माज्या बायकूच्या गळ्यात.

तिथनं केहिंदे जेवंना.

"त्येनं खाल्लं का?" घास पुढं केला की म्हनायची. "त्येनं खाल्ल्याबिगर मी कशी खाऊ?" मी दटावलं, उचलून आदळीन म्हनलो. उसाचं कांडकं दिलं, तर हातात धरून बसली. तिचा आवाज बारीक झाला. गालाची हाडं वर आली. दवाखान्यात सुई दिली, म्हनले कायबी झालं न्हाई. कायबी न्हाई म्हनं! पोरगी डोळ्यादेखत वाळत चाललीया आन् कायबी न्हाई.

मंग ती भर दुपारी, उनात बसून, गारठल्यावानी अंग चोरून बोलायची.

"बाबा... तिथं काच हाय."

"कुटं गं?"

"ताईवोच्या म्होरं. समद्यांच्या म्होरं काच हाय. त्येंना कुनी धूत न्हाई, बाबा. समदी रडत्यात... पन त्येंची त्वांडं झिजल्यात, म्हनून आवाज यीत न्हाई."

आबेकेनं तोंडावर हात दाबला. मी कोयता कमरंला खोसला, केहिंदेला खांद्यावर घेतली आन् मोटारसायकलवाल्याला हाक मारली.

चीफचं घर दोन मजली, भवताली भिंत, भिंतीवर काचा. त्यानं बाहेर यिऊन हसून आत घेतलं. पांढरा घोळदार झगा, कडक इस्त्री. मोठ्या मानसाम्होरं आमी जमिनीवर आडवं व्हतो. मी ताठ हुबा ऱ्हायलो. त्येनं बी ते बगितलं.

"राग आलाय तुला, बाबा इबेजी," तो म्हनला. "ये, आधी बघ तरी. मग चिडायचं तर चीड."

वरच्या खोलीत धुळीचं पिवळं ऊन आल्यालं. इज गेल्याली, पंखा बंद. आन् चारी भिंतींला काचंची कपाटं. काचंमागं बाहुल्याच बाहुल्या हुभ्या. वास असा यायचा बग... जुन्या तेलाचा, आन् त्येच्याखाली तान्ह्या पोराच्या टाळूचा. रिकाम्या घरात तो वास. मला न्हाई सोसला.

केहिंदेनं माज्या केसाला घट्ट धरलं.

"आधी मी आपलीच गोळा करायचो," चीफ सांगाया लागला. कुनी इचारलं नव्हतं. "लाकडी जुळी. कोरीव काम सुबक पाहिजे, नाक धारदार पाहिजे, अशी माझी हौस. मग एकदा एक अशी मिळाली की आईनं भरवून भरवून तिचं तोंडच पुसून टाकलेलं. त्या दिवसापासून मला बाकीची कोरी वाटायला लागली. मुकी वाटायला लागली. समजलास?"

"मला माजा ताईवो दे."

"ऐक तर. मग म्हटलं, झिजलेलं तोंडच बघायचं तर आपलीच कशाला? ही बघ, घानाची. मूल होत नाही ती बाई हिला पाठीला बांधते. पाठीचा घाम लागून लागून कशी काळी झालीय. आणि ही वरची, वाळवंटाच्या कडेची. पोर जन्मलं की आईच्या दुधाचा पहिला थेंब आधी हिला, मग पोराला. ओठाजवळचा डाग बघ. एक हौस दुसरीला जन्म देते रे. शेवटी लाकडाचंही काही वाटेना. लाकूड असो, चिंधी असो, प्लास्टिक असो. मी फक्त हात कुठं फिरलाय ते बघतो." त्येनं कपाटावर बोट ठिवलं. आत माजा ताईवो व्हता. नागडा. आबेकेनं शिवल्याली बंडी बी काढल्याली. "तुझा हा. दुसरा कुणी कचऱ्यात फेकील. पण गाल बघ त्याचे! चार वर्षांत इतके झिजले. काय आई असेल!"

"ती आई घरी रडतीया."

"तिनं दिलाय तो. जुळ्यानं मागितला, जुळ्याला दिला. परत घेता येतो का? तूच सांग, रीत काय आहे?"

मी कोयत्याला हात घातला. दारातला रखवालदार म्होरं सरकला. चीफचं माज्याकडं ध्यानच नव्हतं. तो केहिंदेकडं बगत व्हता. तिच्या गालाकडं. आबेके रोज हातानं पुसती त्या गालाकडं. बगता बगता त्येनं आंगठा उचलला, कापड पारखत्यात तसा.

"हात लावलास तर त्यो हात हितंच पडंल," मी म्हनलो.

तो हसला. हात खाली घेतला.

तवा केहिंदे बोलली. तिचा आवाज बारीक, पन खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

"चीफ, मी मागू?"

"अगं माग की! जुळ्यांना नाही म्हणून मी कुठं पाप घेऊ?" रखवालदाराकडं डोळा मारला त्येनं. "एवढी ती बाहुली सोडून काहीही माग. साखर? बिस्कीट? नवा लाकडी ताईवो देऊ एखादा?"

"ह्येंना भूक लागलीया. तू ह्येंची आई हो."

चीफ पोट धरून हसला. रखवालदार बी हसला.

"बरं बाई. झालो मी आई!"

"समद्यांची?"

"समद्यांची, समद्यांची. दिला शब्द."

त्येचं हसू सरलं. आन् मंग... कपाटाच्या काचा पांढऱ्या व्हायला लागल्या.

बाहेरनं न्हाई. आतनं. थंडीत काचंवर श्वास सोडल्यावर व्हतं तसं, येकेका बाहुलीच्या तोंडाम्होरं येकेक पांढरा ठिपका. लहान व्हायचा, मोठा व्हायचा. खोलीत समदीकडनं मचमच आवाज. झोपेतलं लेकरू व्हट चोखतं बग, तसा.

"जनरेटर लाव रे," चीफ म्हनला. कुनी हाललं न्हाई. "कसला आवाज आहे... उंदीर?"

मंग त्येनं छातीला हात लावला. हात वला झाला. पांढऱ्या झग्यावर छातीशी दोन्हीकडं डाग पसरत चालल्यालं. त्येनं बोटं नाकाशी नेली, आन् त्येचं त्वांड असं झालं की काय सांगू. दुदाचा वास आला मला. गरम दुदाचा.

रखवालदार जिन्यावरनं पळाला. त्येची येक चप्पल तिथंच ऱ्हायली.

"बाबा इबेजी..." चीफ भिंतीला टेकत खाली बसला. "हिला सांग... शब्द परत घेतो म्हणावं..."

"परत घेता येतो का? तूच सांग, रीत काय हाय?"

त्येचं गाल आत चाललं. मी हुबा ऱ्हाऊन बगितलं. माजी पोरगी वाळत व्हती तवा मला जे बगावं लागलं, तेच त्येच्या तोंडावर बगितलं. आन् मला बरं वाटलं. कुनाला त्येचं वाईट वाटत असंल तर वाटू दे. मला न्हाई वाटलं, आजबी न्हाई वाटत.

कोयत्याच्या मुठीनं कपाटाची काच फोडली. ताईवोला काढला. त्येच्या व्हटाला पांढरं लागल्यालं, ते मी सदऱ्याला पुसलं. दारातनं येकदाच मागं बगितलं. बाकीची कपाटं गच्च बंद, पन त्येंच्यातल्या बाहुल्या पैल्यावानी सरळ हुभ्या नव्हत्या. समद्या माना खाली घालून, जिकडं चीफ बसलाय तिकडं वळल्याल्या. आन् चीफ कपाळाला हात लावून हळू, अगदी हळू, अंगाईवानी कायतरी गुनगुनत व्हता.

रस्त्यावर येक बाई चवळीचं वडं तळत व्हती. केहिंदेनं बोट केलं. वडा घेतला, त्येचा तुकडा आधी ताईवोच्या तोंडाला लावला, मंग सोता खाल्ला. मंग आनिक येक. मंग आनिक. मी रस्त्याच्या कडंला बसून लहान पोरावानी रडलो. काय हसतूस? ओत म्होरं.

चीफ मेला न्हाई. मेला असता तर बरं झालं असतं त्येचं. त्येच्याकडं सैपाक करनारी बाई आबेकेला बाजारात भेटली. म्हनली, खोलीतनं बाहेर पडत न्हाई. चवळी शिजवतो, येकेकीला भरवतो, न्हाऊ घालतो, आन् येकीचं झालं की दुसरी रडती म्हनं. झोप न्हाई. आन् त्येचं नाक, व्हट... बाईनं नुसता आपल्याच तोंडावरनं तळहात फिरवून दाखवला. सपाट.

म्या म्हनलं, बेस झालं.

केहिंदे आता धडधाकट हाय. माज्याहून ज्यादा खाती. आबेके पैल्यासारखी पाठीला फडकं बांधून रानात जाती. मला दुसरं काय पायजे?

पन काल सांजच्याला ती ताईवोला न्हाऊ घालत व्हती. मला हाक मारली. चेहरा असा फुलल्याला, पोरं झाली तवा फुलला व्हता तसा.

"बाबा केहिंदे, हितं या. बोट घाला... हळूच. खालच्या बाजूला."

त्येचं त्वांड म्हंजे काय, पलाष्टिकवर रंगवल्याली येक रेघ. ती रेघ उघडल्याली. आत बोट घातलं तर गरम लागलं. आन् टोचलं.

"दात आलं माज्या लेकराला," आबेके म्हनली. "दोन."

तिच्या आंगठ्याला चिंधी गुंडाळल्याली दिसली. रगात वर आल्यालं.

"ह्ये काय झालं?"

"काय न्हाई हो. भाजी चिरताना सुरी लागली."

घरातली येकुलती सुरी परवापासनं रानात हाय, मीच नेल्याली.