बाईंनी बदललेला शेरा

जुन्या कॉम्प्युटरला नवा वेग द्यायच्या कामात आमच्या बाजारात माझा हात धरणारं कुणी नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. सातवीत बाईंनी माझ्या प्रगतिपुस्तकात शेरा दिला होता, ‘हात चालतो, तोंड त्याहून.’ एकवीस वर्षं तो मला सलत होता.

म्हणून बाईंचा फोन आला तशी दुकानाला कुलूप घालून मी निघालेच. निवृत्त झाल्यापासून त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलाच्या टोकाला होता, त्यावर विणलेलं झाकण.

“बटण दाबून मी अंघोळ करून येते,” बाई म्हणाल्या, “तरी याचं आपलं चाललेलंच.”

मी घड्याळ लावलं. आठ मिनिटं दहा सेकंद.

आत महत्त्वाची फाइल एकच होती. छत्तीस वर्षांतले सगळे विद्यार्थी आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा शेरा. माझाही होता, तोच.

“बदला की आता,” मी म्हटलं.

“दिलेला शेरा मी बदलत नाही. फक्त कुणी गेलं की क्रियापद बदलते. ‘पळतो’चं ‘पळायचा’. माणूस भूतकाळात गेला तर वाक्यही जायला हवं, नाही का?” मग माझ्याकडे रोखून म्हणाल्या, “यातला एक काना जरी इकडचा तिकडे झाला, तरी कान धरून उभी करीन.”

मी कॅबिनेट उघडून धूळ उडवली. नवी एसएसडी डिस्क, जिच्यात फिरणारं काही नसतं, तळहाताएवढी, वजनाला नाही म्हटलं तरी चालेल. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं आणि दोन्ही डिस्क जुळवून पाहिल्या. फरक शून्य. जुनी काढून टेबलावर ठेवली, नवी बसवली, बटण दाबलं.

चौदा सेकंद.

बाई अजून चष्माच शोधत होत्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्यांनी फाइल उघडली आणि पानं खाली सरकवत एका ओळीपाशी थांबल्या.

“हे काय केलंस?”

ओळ अशी होती : ‘कंपास न वापरता वर्तुळ काढायचा.’

“हा माझ्या आधीच्या वर्गातला,” मी म्हटलं. “पाट्या रंगवतो तोच ना?”

“तोच. आणि ठणठणीत आहे.” बाईंनी तिथल्या तिथे फोन लावून स्पीकरवर टाकला.

“बाई, शिडीवर आहे!” पलीकडून हसरा आवाज आला. “उतरलो की करतो फोन.”

बाईंनी फोन ठेवला. “माणूस शिडीवर उभा आहे आणि तू त्याला भूतकाळात घातलंस. इतकं साधं काम धड करता येत नाही?”

माझी कानशिलं तापली. मी जुनी डिस्क केबलने जोडून तीच फाइल उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, ‘काढतो’. नवीवर ‘काढायचा’. असं होतच नाही. फाइल बिघडली तर उघडत नाही, अक्षरांचे चौकोन होतात. व्याकरण बदलत नाही.

मी स्वतःच्या हाताने ‘काढतो’ टाइप केलं. सेव्ह करून बंद केलं आणि पुन्हा उघडलं.

‘काढायचा’.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर त्याचाच होता. आवाज त्याचा नव्हता. ज्याच्या दुकानाची पाटी रंगत होती तो माणूस बोलत होता, आणि त्याला नीट बोलता येत नव्हतं.

बाई उभ्या राहून ऐकत होत्या. “कधी?” एवढंच त्यांनी विचारलं.

बाईंनी फोन टेबलावर ठेवला. खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता. नवी डिस्क आवाज करत नाही.

“काढून टाकते ही,” मी म्हणाले.

“थांब.” बाईंचा आवाज वर्गातला होता. “मी तुझ्यावर आळ घेतला. तुझी काही चूक नव्हती.”

त्यांनी फाइल माझ्या नावापाशी आणली. माझी भीती खरी होती आणि स्क्रू-ड्रायव्हर हातातच होता. पण बाई माझा शेरा खोडत होत्या. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. नवा लिहून होईपर्यंत मी डिस्कला हात लावला नाही. खरं सांगायचं तर लावावासाच वाटला नाही.

दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं : ‘हिचं काम चोख असतं.’

मग सेव्ह करून फाइल बंद केली, चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले.

“आता उघड आणि वाच मोठ्याने. मला ऐकू दे.”

मी उघडली. लगेच उघडली.

‘हिचं काम चोख असायचं.’

बाई डोळे मिटून, मान ताठ करून वाट बघत होत्या.

“हिचं काम,” मी वाचलं, “चोख असतं.”

“शाबास,” बाई म्हणाल्या.