उत्तर सांगायचं नाही

“हात लावू नका! अजिबात हात लावू नका!”

ग्रंथालयात बसलेल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. कपाटापाशी उभा असलेला उंच मुलगा हातातलं पुस्तक तसंच धरून इकडेतिकडे बघत राहिला. आपल्यावर कुणी ओरडू शकतं, यावर त्याचा विश्वासच बसत नसावा.

“मला म्हणताय?”

“नाही, कपाटाला म्हणतेय!” ती टेबलामागून तरातरा आली. “काय चाललंय हे?”

“वाचून झालेली पुस्तकं टेबलावर पडली होती. म्हटलं, जागेवर ठेवून टाकावीत. तेवढीच तुम्हाला मदत.”

“ही जागा? ही?”

त्याने अकरा पुस्तकं उंचीप्रमाणे लावली होती. बुटकी आधी, उंच नंतर, अगदी कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखी. वनस्पतींच्या शेजारी किल्ल्यांचा इतिहास, त्याच्या शेजारी शिवणकाम.

“टेबलावर पडलेलं पुस्तक मला सापडतं हो! चुकीच्या कपाटात घुसलेलं दहा वर्षं सापडत नाही. भिंतीवर पाटी आहे, ‘वाचलेले पुस्तक टेबलावरच ठेवावे’. वाचता येतं ना?”

“वाचली. पण मला वाटलं, ती आळशी लोकांसाठी असेल…”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, त्याच्या उजव्या कानाच्या पाळीवर लागलेला खडूचा पांढरा डागही तिला दिसला. तो दिसला म्हणून तर ती आणखीच चिडली.

विद्यापीठाच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर उद्याचे शिक्षक घडत आणि खालच्या मजल्यावर उद्याचे शाळेतले ग्रंथपाल. वरचे स्वतःला वरचे समजत, खालच्यांना ते मान्य नव्हतं, एवढंच दोघांचं नातं. तिला खालच्या मजल्यावर सगळे ‘लवंगी’ म्हणत. अंगाने एवढीशी, पण चावली की डोळ्यांतून पाणी. त्याला वर ‘मास्तर’ म्हणत, कारण पहिल्या दिवसापासून प्रत्येक तासानंतर फळा हाच पुसायचा, कुणी न सांगता. परोपकाराची खाज असते एकेकाला!

लवंगीच्या रागाला कारण होतं, हे सांगायलाच हवं. “पुस्तकांवरची धूळ झटकायला पदवी कशाला लागते?” असं तिचे वडील चारचौघांत म्हणाले होते. शिक्षिका हो, नाहीतर घरी बस. ती घरी बसली नाही. भांडून, बॅग भरून, याच शहरात राहणाऱ्या आत्याकडे आली आणि तिने ग्रंथपालनाच्या वर्गात नाव घातलं. आता नापास झाली असती, तर वडिलांनी “सांगत होतो ना” एवढंच म्हटलं असतं, आणि तेवढं ऐकण्यापेक्षा तिने विहीर जवळ केली असती.

आणि नेमका त्याच आठवड्यात जोडपाठाचा कागद लागला.

जोडपाठ म्हणजे एक होणारा शिक्षक आणि एक होणारा ग्रंथपाल यांनी मिळून सरावशाळेत घ्यायचा पाठ. चाळीस गुण, वीसला पास, नाहीतर वर्ष पुन्हा. पोरांनी आपापला प्रश्न विचारायचा आणि ग्रंथपालाने काढून दिलेल्या पुस्तकांतून उत्तर स्वतः शोधायचं. लवंगीने आपलं नाव शोधलं, शेजारचं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला.

“नमस्कार,” पाठीमागून आवाज आला. “कपाटाशी बोलणाऱ्या तुम्हीच ना?”

“एक लक्षात ठेवा. मदत करायची नाही.”

“आणि तुम्ही केलीत तर?”

“मी करणारच नाही!”

पण कामाला ती वाघ होती. तीन आठवडे ती मधल्या सुट्टीत सरावशाळेत जाऊन बसली. वर्गातल्या बत्तीस पोरांपैकी एकेकाला शेजारी बसवून तिने विचारलं, तुला खरंच काय जाणून घ्यायचंय? मग प्रत्येक प्रश्नासाठी एक पुस्तक शोधलं. फार सोपं नको, फार जड नको, आणि उत्तर पहिल्याच पानावर तर मुळीच नको. तो शिडी धरायचा. शिडी धरायची परवानगी तिने दिली होती, कारण शिडी खरंच डुगडुगत होती.

“पोरांना काय विचारायचंय, ते तुम्हाला बरं सांगतात,” तो खालून म्हणाला. “मला तर शौचालयात जाऊ का, एवढंच विचारतात.”

“कारण तुम्ही बोलायचे थांबत नाही. शिडी नीट धरा.”

“धरलीय. तुम्ही खाली बघू नका… म्हणजे, बघितलंत तरी चालेल.”

ती वरून डाफरली, पण पुस्तकाच्या आड तोंड लपवून. त्या दिवशी तिने एक पुस्तक चुकीच्या फळीवर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा!

पाठाचा दिवस उजाडला. मागच्या बाकावर विभागप्रमुख बाई बसल्या. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायची त्यांची सवय, म्हणून सगळे त्यांना ‘घड्याळबाई’ म्हणत. मास्तरच्या पाठटाचणात मिनिटांचा रकाना होता: प्रस्तावना चार मिनिटं, शोध पंधरा मिनिटं, आणि असंच पुढे. पोरं पुस्तकांत बुडाली. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी पानं उलटत होती. मासे डोळे मिटत नाहीत, मग ते झोपतात कधी, हा तिचा प्रश्न. तिचं बोट बरोबर धड्यावर आलं होतं. अजून दोन पानं, आणि तिला सापडणार होतं. भिंतीशी उभी लवंगी मनातल्या मनात तिच्याबरोबर पानं उलटत होती.

मास्तरने घड्याळबाईंकडे बघितलं, टाचणाकडे बघितलं आणि तो वाकला.

“मासे उघड्या डोळ्यांनीच झोपतात, बाळ. त्यांना पापण्याच नसतात. कळलं? छान!”

चष्मेवालीने पुस्तक मिटलं. मग शेजारच्याने हात वर केला, त्यालाही उत्तर मिळालं. मग तिसऱ्याला. दहा मिनिटांत बत्तीस पुस्तकं मिटून बाकांवर गप्प पडली आणि पाठ अगदी वेळेवर संपला.

दोन दिवसांनी गुण लागले. त्याला चौतीस. तिला अठरा. शेरा होता, “ग्रंथपालाचे काम पाठात दिसले नाही.”

आणि ते खोटं थोडंच होतं? उत्तरं सरांनीच दिल्यावर पुस्तकं हवीत कुणाला? हेच तर तिला जास्त झोंबलं. ती तशीच घड्याळबाईंच्या खोलीत गेली.

“तुमचा जोडीदार सकाळीच येऊन गेला,” बाई म्हणाल्या. “फार रदबदली केली तुमच्यासाठी. माझे गुण त्यांना द्या, म्हणत होता. गुण म्हणजे काय उसनी साखर आहे? नियम एवढाच आहे, पाठ पुन्हा घेता येतो. पण मग दोघांचेही जुने गुण रद्द.”

ती जिना चढून वर गेली. पहिल्यांदाच. तो रिकाम्या वर्गात फळा पुसत होता.

“तुला कुणी सांगितलं होतं रे?” हा ‘तू’ तिच्या तोंडून कधी निघाला, तिलाही कळलं नाही. “माझी बाजू मांडायला मी मुकी आहे? आधी माझा पाठ खाल्लास, आणि आता वर दया दाखवतोस!”

“मला वाटलं, मदत…”

“भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत केलीस माझी! तीन आठवडे, अरे तीन आठवडे! त्या पोरीला दोन पानं हवी होती फक्त. तिला सापडलं असतं तर ती आयुष्यभर शोधत राहिली असती. तू तिच्या हातातनं काढून घेतलंस. तुला गप्प बसवतच नाही का?”

त्याने डस्टर खाली ठेवलं.

“नाही,” तो म्हणाला. “नाही बसवत. कुणी अडलेलं दिसलं की मला धाप लागते. खोटं नाही सांगत. पण तुझं खरं आहे… मी खाल्ला तुझा पाठ.”

तिला भांडायचं होतं. समोरचा असा कबूलच झाला तर माणसाने भांडावं कसं?

“मला पुन्हा पाठ घ्यायचाय,” ती घुश्शातच म्हणाली. “त्यासाठी तुझे चौतीस जातील. मी विनंती वगैरे करणार नाही. उपकार नकोत मला.”

“मग काय हवंय?”

“तुझं तोंड बंद हवंय. चाळीस मिनिटं.”

“अर्ज कुठे भरायचा?” त्याने विचारलं.

घरी आत्या मटार सोलत बसली होती. ती एकोणतीस वर्षं टेलिफोन खात्यात होती. दुनियेची बोलणी कानावरून गेलेली. लवंगीने शेजारी बसून सगळं सांगितलं. दर वाक्याला एक शेंग फुटत होती.

“बरं,” आत्या म्हणाली. “उद्धट आहे, आगाऊ आहे, नाक खुपसतो. अजून?”

“अजून म्हणजे… शर्टाच्या खिशात लाल पेन उघडंच ठेवतो. डाग पडलाय, त्याला पत्ता नाही. आणि हसतो असा, की… की चीड येते!”

“हं. गेल्या तासाभरात तू बापाचं नाव काढलं नाहीस एकदाही. एरवी सारखी बापावरच चिडलेली असतेस. कुठेतरी पाणी मुरतंय, बाई.”

“आत्या!”

“मटार सोल.”

दुसऱ्या तुकडीवर पुन्हा तीन आठवडे गेले. पुन्हा बत्तीस प्रश्न, पुन्हा शिडी. आता ती दोघं ‘अरे-तुरे’त भांडत आणि शिडी आधीपेक्षा बरीच कमी डुगडुगत असूनही तो ती धरतच होता. तिचे वडील काय म्हणाले होते, तेही त्याला असंच भांडता भांडता कळलं.

पाठाच्या दिवशी घड्याळबाईंनी घड्याळ काढलं. प्रस्तावना झाली, शोध सुरू झाला. एकेक हात वर व्हायला लागला, “सापडलं! सर, मला सापडलं!” शेवटच्या बाकावरची लांब वेणीची मुलगी तेवढी अडली. मुंगी झाडावरून पडली तर तिला लागतं का, हा तिचा प्रश्न. ती पानं पुढे उलटायची, मागे उलटायची. मग तिने मास्तरकडे बघितलं. डोळे भरलेले.

“सर, सांगा ना…”

मास्तरच्या कपाळावर घाम आला. लवंगीला तो भिंतीपासूनही दिसत होता. त्याला उत्तर येत होतं. बाईंनी घड्याळावर टिचकी मारली. टाचणातले तीन मुद्दे अजून बाकी होते. त्याने तोंड उघडलं… आणि मिटलं. मग तो मुकाट त्या मुलीच्या शेजारी, तिच्या बाकावर, गुडघे पोटाशी येतील असा अवघडून बसला आणि तिच्याबरोबर पानाकडे बघत राहिला. एक मिनिट. दोन. पाच. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला, आणि लवंगीचे दोन्ही हात छातीशी आवळलेले.

“हलकी असते म्हणून!” मुलगी किंचाळली. “ती इतकी हलकी असते, की हळूच खाली येते! सर, इथे लिहिलंय! मी शोधलं!”

तेवढ्यात घंटा झाली. तीन मुद्दे राहूनच गेले.

गुण दुसऱ्याच दिवशी दुपारी लागले. तिला एकतीस. आणि त्याला बावीस, शेऱ्यासकट. “वेळेचे नियोजन नाही. शिक्षक पाच मिनिटे निष्क्रिय.”

“निष्क्रिय?” लवंगी कडाडली. कागदासमोर जमलेले सगळे बाजूला झाले. “ती पाच मिनिटं म्हणजे अख्ख्या वर्षातला एकमेव खरा पाठ होता! मी जाते बाईंकडे. आत्ता जाते!”

“जाऊ नकोस.” तो हसत होता. बावीस गुणांवर हसत होता, वेडा! “पास झालोय मी. तू एकतीस बघ ना. वडिलांना कळव.”

“त्यांना कळवेन मी, माझं मी बघेन! तू पहिला येणार होतास, अख्खा वर्ग म्हणत होता. माझ्यापायी बारा गुण घालवलेस आणि दात काय काढतोस? राग येत नाही तुला?”

“तुझ्याकडे पुरेसा आहे.”

ती त्याला ओढतच बाहेर घेऊन गेली. इमारतीच्या मागच्या बाजूला सायकली लावायच्या छपराखाली कुणी नव्हतं. ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता आणि तिची ओढणी एका हँडलात अडकली. ती सोडवायला त्याचा हात पुढे झाला, आणि मध्येच थांबला. तिने स्वतः सोडवली. सोडवता सोडवता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही रागाचंच, असं ती पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली.

“ऐक. मला तुझ्यावर जेवढा राग येतो ना, तेवढा… तेवढा वडिलांवरही येत नाही. का येतो? बाकी कुणी पुस्तक चुकवलं तर मी चिठ्ठी लावते आणि सोडून देते. तू चुकवलंस, की मला दिवसभर… आणि काल तू त्या बाकावर असा बसलास, की मला… म्हणजे मी…”

ती अडली. शब्द सापडेना. त्याला कळलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तिचं वाक्य पुरं करायला त्याला दोन शब्द पुरले असते, आणि ते त्याच्या अगदी ओठांवर आले होते. तिलाही दिसले.

तो बोलला नाही.

“म्हणजे मला… अरे, बोल ना काहीतरी!”

त्याने मान हलवली. नाही. कान लाल झाले होते, श्वास वर-खाली होत होता, खरोखरच धाप लागली होती त्याला. पण तो हात मागे बांधून उभा राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. मध्येच कुणीतरी येऊन आपली सायकल काढून नेली, तेवढा वेळ गेला. मग आणखी थोडा.

“तू मला आवडतोस!” ती शेवटी ओरडली. “प्रेम आहे माझं तुझ्यावर. झालं? मिळालं समाधान?”

“तुझं तू शोधलंस,” तो हळूच म्हणाला. “आता मी बोलू?”

“आता नाही बोललास,” लवंगी डोळे पुसत म्हणाली, “तर याद राख!”