उठायची शिकवणी

शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर, एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात पद्मजाबाई पुन्हा शिकवू लागल्या. विद्यार्थिनी एकच, त्या स्वतः. विषय, पडल्यावर उठायचं कसं.

मोरीत पाय घसरून त्या पडल्या आणि तासभर कुणाला पत्ताच नव्हता. मलकापूरहून धावत आलेल्या माधवनं, त्यांच्या मुलानं, सांगून टाकलं, "आई, पुढच्या रविवारी येतो. एकटीला जमिनीवरनं उठता आलं तर राहा इथं. नाहीतर बोचकं बांधायचं आणि चलायचं." मंगळवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्या सोडायच्या, या विचारानंच बाईंचा जीव कासावीस झाला.

दवाखान्यातल्या शालूबाई नर्सनं युक्ती शिकवली. "दमानं उठायचं बाई. आदी कुशीवर, मग कोपार, मग गुडघं. खुर्ची धरायची आन् मगच उभं ऱ्हायचं. मोट्यानं म्हनत करा, म्हंजे इसरायचं न्हाई."

मोठ्यानं म्हणायला बाईंना काय सांगावं लागतंय! रोज दुपारी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडव्या होऊन त्या खणखणीत आवाजात सुरू करत. "कुशीवर वळा. कोपर टेका. गुडघे. खुर्ची धरा. उठा."

मंगळवारी त्या कुशीवर वळल्या, तसं आत स्वयंपाकघरातही फरशीवर काहीतरी जड वळलं. मांजर असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. बुधवारी आत कोपर टेकल्यासारखं वाजलं. जाऊन पाहिलं तर कुणी नव्हतं. ओट्याखाली मात्र पाठीला चोळायच्या तेलाचा उग्र वास येत होता. तसलं तेल त्यांचे यजमान नृसिंहराव गेल्यापासून, नऊ वर्षांत, घरात आलेलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी नृसिंहराव तिथंच, ओट्यापाशी पडले होते. "पद्मा, उठव गं..." ही हाक बाईंनी बाहेर बसून ऐकली होती. सकाळीच कडाक्याचं भांडण झालं होतं. हातातले पेपर तपासून संपवले आणि मगच त्या आत गेल्या. तोवर सगळं आटोपलं होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, माधवला तर नाहीच.

गुरुवारी त्यांनी सगळं मनातल्या मनात म्हटलं. आत गुडघे फरशीवर घासत राहिले... पुढचं न आठवणाऱ्या मुलासारखे. नंतरचे दोन दिवस बाईंनी सरावच केला नाही. दिवसभर घरात येरझारा घालत राहिल्या, पण आत पाणी प्यायलाही गेल्या नाहीत.

रविवारी माधव आला. "हं, दाखव बघू."

बाई मुकाट्यानं कुशीवर वळल्या, कोपरावर आल्या आणि अडकल्या. न बोलता पुढचं सुचेना.

"राहू दे आई. बांधूया बोचकं."

बाईंनी डोळे मिटले. "गुडघे... खुर्ची धरा..."

आत स्टूल सरकलं.

"उठा."

बाई उभ्या राहिल्या. माधव खूश झाला. "जिंकलीस की तू. राहा आता निवांत."

"आत काही वाजलं का रे?"

"कुठं काय..."

"माधव, आजचा दिवस थांबतोस?"

"का गं? चारची एसटी आहे, उद्या ऑफिस."

कारण सांगायला बाईंनी तोंड उघडलं. पण मग ती हाकही सांगावी लागली असती. माधव पाया पडला आणि चपला घालून निघून गेला.

बाई खुर्ची घट्ट धरून उभ्या होत्या. आत एक पाऊल वाजलं. मग दुसरं...

चालायचं तर त्यांनी शिकवलंच नव्हतं.