जबानीतला ‘मला’

कपडे शिवणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली रेडिओमावशी म्हणायची. मशीन एकवेळ थांबेल, पण मावशींचं तोंड थांबायचं नाही. बाहीचं माप घेता घेता गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करून त्या मोकळ्या व्हायच्या. अशा बाईंची आठ महिन्यांपूर्वी एका विषयापुरती वाचाच बसली. समोरच्या शेजारणीला तिच्या नवऱ्यानं जिन्यावरून ढकललं, तेव्हा मावशी आपल्या दारात उभ्या होत्या. पाहणाऱ्या त्या एकट्याच. शेजारीण गडगडत खाली गेली, आणि मावशींचे पाय काही जागचे हलले नाहीत. तिनं तिथंच प्राण सोडला. पोलिसांना त्यांनी कसंबसं लिहून दिलं, पण बोलायला गेलं की शब्द फुटायचा नाही. आता कोर्टात बोलल्या नाहीत, तर तो नवरा सुटून पुन्हा समोरच्याच दारात राहायला येणार होता.

साक्षीदार मदत कक्षातली एक ताई त्यांच्यासाठी नेमली होती. वयानं मुलीसारखी. तिनं आठवडाभर आधी त्यांना रिकामं कोर्ट दाखवून आणलं: न्यायाधीश कुठं, साक्षीदाराचा पिंजरा कुठं, आरोपी दिसू नये म्हणून पडदा कुठं लागणार. साक्षीच्या दिवशी वेगळ्या दारानं आत घेतलं, वेगळ्या खोलीत बसवलं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, दम लागला तर थांबायला वेळ मागा, तो तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही, हे तिनं इतक्यांदा सांगितलं की मावशींना ते पाठ झालं. पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटल्या.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मात्र व्हायचं तेच झालं. समोरचा पडदा हिरवा, नवाकोरा, खळीचा वास येणारा. त्याची दुमड तिरकी शिवली होती, तेवढंच मावशींना दिसत राहिलं. सरकारी वकिलांनी प्रश्न दोनदा विचारला. घशातून हवासुद्धा निघेना.

मग त्यांच्या डाव्या हातात कुणीतरी हात दिला. गार, थोडा दमट, पण पकड घट्ट. घसा सुटला आणि शब्द आपोआप बाहेर पडू लागले. आपण काय बोललो, ते मावशींना नंतर आठवेना. पडद्यापलीकडे खुर्ची आपटल्याचा आवाज मात्र त्यांनी ऐकला. आरोपीच्या वकिलांनी एकही प्रश्न विचारला नाही. आरोपी गुन्हा कबूल करतोय, एवढंच ते म्हणाले.

बाहेर येताच मावशींना रडू फुटलं. ताईचे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, “तू हात दिलास म्हणून गं बोलले. तुझे उपकार कसे फेडू?”

ताईचे हात उबदार होते.

“मावशी, मी नाही हात दिला,” ती म्हणाली. “साक्ष चालू असताना आम्हाला तुम्हाला स्पर्शही करता येत नाही. मी उजवीकडं खुर्चीवर होते.”

“अगं, डावीकडून दिलास.”

“डावीकडं भिंत आहे.”

इतक्यात कोर्टातल्या टंकलेखकानं सहीसाठी बोलावलं. जबानी आधी वाचून दाखवायची, मग सही घ्यायची, अशी तिथली पद्धत. तो सपाट आवाजात वाचू लागला. “‘त्याने मला मागून ढकलले.’”

“मला नाही हो, तिला,” मावशी म्हणाल्या.

टंकलेखकानं चष्मा काढला. वीस वर्षांत त्याचा एक शब्द चुकला नव्हता. न्यायाधीशांनीही हेच विचारलं, तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा तुम्ही ‘मला’च म्हणालात, असं त्यानं सांगितलं.

मावशींनी ताईकडं पाहिलं. ताईनं खाली बघत होकारार्थी मान हलवली.

“वाचा पुढं,” मावशी म्हणाल्या.

“‘मी अकराव्या पायरीवर थांबले. तिथून वर रेडिओमावशी दारात उभ्या दिसत होत्या. मी त्यांच्याकडे हात केला.’”

त्यानं पान उलटलं.

“‘तेव्हा त्या आल्या नाहीत. आज आल्या. त्यांचे फार उपकार आहेत. त्यांचा हात मी अजून सोडलेला नाही.’”