उजव्या पंखाचा टेकू

कसबा पेठेत गणपतीचे फायबरचे साचे करावेत तर दिगंबरनंच. साच्यात केसाएवढी रेघ राहिली तरी त्याला जेवण गोड लागत नसे. ग्लायडिंग क्लबच्या श्यामसुंदरांनी ट्रेलरमध्ये ग्लायडरचे सुटे पंख ठेवायला टेकू मागितले, तेव्हा तो लगेच हो म्हणाला. त्याची मुलगी हेमा तिथंच उडायला शिकत होती. रविवारी ती पहिल्यांदा एकटी उडणार होती.

काम सरळ होतं. पंख पालथा घालायचा, मेण चोळायचं, वर काचतंतू आणि रेझिन. वाळलं की उचलायचं. डावा टेकू झकास निघाला. उजव्यात, पंखाच्या टोकाशी, तीन बोटांचे खळगे होते.

आपलीच चूक म्हणून त्यानं पुट्टी भरली, घासलं. सकाळी खळगे परत होते, आधीपेक्षा खोल.

“अहो, इथं हात कुणी लावला?”

श्यामसुंदरांनी एकेका खळग्यात बोट ठेवून पाहिलं. “दत्तोबाचं एक बोट कडबा तोडताना गेलं होतं.”

उड्डाणाच्या वेळी पंखाचं टोक धरून धावायचं काम दत्तोबानं वीस वर्षं केलं होतं. आषाढात तो वारला.

“राहू द्या ते खळगे,” श्यामसुंदर हळूच म्हणाले.

“खड्डे रस्त्यावर बघायचे. माझ्या कामात नाही.”

त्यानं खळगे पुन्हा बुजवले आणि रेझिनचे तीन हात देऊन टेकू आरशासारखा केला. शनिवारपर्यंत तो खडखडीत वाळला, त्यावर काही उमटलं नाही. दिगंबर खूश होता.

रविवारी हेमा उडाली. वारा नव्हता, तरी टोक कुणी सोडून दिल्यासारखा उजवा पंख सारखा खाली जात होता. उतरताना त्याचं टोक गवत घासत आलं. दिगंबर तिच्याकडे धावला.

हेमा हसतच उतरली. “बाबा, बघितलंत का?”

पंख आत ठेवण्याआधी टेकू पुसायला तो ट्रेलरमध्ये शिरला.

खळगे होते. या वेळी चार, बारीक बोटांचे.

करंगळी बाहेर वाकलेली होती. हेमा लहानपणी जिन्यावरून पडली, तेव्हा तिची करंगळी अशीच बसली होती.

“काका, पुढच्या रविवारी मीच ना?” बाहेर ती श्यामसुंदरांना विचारत होती.

दिगंबरनं खळग्याला बोट लावलं. रेझिन अजून ओलं होतं.