वाढलेली फौज

धनेशने ऐटीत चादर बाजूला ओढली... चादरीखाली उंबरखिंडीची लढाई होती, म्हणजे तिचं जे काही उरलं होतं ते. कुणाचं नुसतं मुंडकं, कुणाचा ढाल धरलेला हात, धडाविना घोड्यांचे पाय आणि बाकी सगळा पेणच्या शाडूचा चुरा. ही लढाई बघायला मुद्दाम पुण्याहून आलेले परेश फोटोसाठी मोबाईल उंचावून तसेच थांबले. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मालूवहिनीला मात्र एकच गोष्ट कळत नव्हती... धनेशचा चेहरा असा पांढराफटक का पडला? त्याला तर सगळं ठाऊक होतं!

धनेश तिचा धाकटा दीर. मालवाहू जहाजावर नोकरीला, त्यामुळे वर्षातले बरेच महिने दर्यावर. नाद एकच, लढायांच्या शिपायांचा. दिवाळी संपली की बाकीची पोरं किल्ल्यावरचे मावळे माळ्यावर टाकून मोकळी होत, या पठ्ठ्याने ते कधी टाकलेच नाहीत. पुढे नोकरी लागली आणि ज्या बंदरात जहाज लागेल तिथून कथिलाचे शिपाई घरी येऊ लागले. पनवेलच्या त्या बैठ्या घरात माणसं दोन आणि लष्कर चार देशांचं, असं मालूवहिनी शेजारणींना सांगे, आणि तक्रार करता करताच दाढीच्या मऊ ब्रशने एकेका शिपायाची धूळ झटके. पण धनेशचा खरा जीव होता तो उंबरखिंडीत. खिंडीत कोंडलेली खानाची फौज आणि वरच्या झाडीतून उतरणारे मावळे, असा सगळा देखावा त्याने पेणच्या मूर्तिकाराकडून थोडा थोडा करत घडवून घेतला होता.

हा देखावा ज्या फळीवर मांडला होता तिच्या टेकूला आतून वाळवी लागली होती, हे कुणाला दिसणार? एका दुपारी धाडकन आवाज झाला, मालूवहिनी धावली, आणि ती पोचेपर्यंत सगळं जमिनीवर आलेलं होतं. एकही तुकडा उचलण्याचा तिला धीर झाला नाही. धनेशला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून तिने त्यावर चादर घातली, देवापुढे हात जोडले आणि त्याच्या फोनची वाट बघत राहिली.

फोन आला तेव्हा आवाज तुटत होता. मन घट्ट करून तिने सांगून टाकलं, "धनेश, फौज वाढली रे बाला... सगळी वाढली."

"सगळी?" पलीकडून तो चक्क हसला. "मस्तच की वयनी! वाढू दे, आजून वाढू दे. आल्यावर बघतो."

फोन ठेवला तरी तिला उलगडा होईना. मस्त? आजून वाढू दे? पोराला दुःखाने भ्रम तर झाला नाही... की हा टोमणा होता? टोमणे मारायचा त्याचा स्वभाव नव्हे. मग नाद सुटला म्हणावं, तर पुढच्या फोनमध्ये तो सांगत होता की परेश म्हणून एक मोठे संग्राहक लढाई बघायला येणार आहेत, जेवायला तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण कर. फुटकी लढाई बघायला पुण्याहून माणूस येतो म्हणजे शहरात हल्ली अशीही आवड असेल, अशी समजूत घालून तिने पीठ मळायला घेतलं होतं. आणि आज तो दारातून थेट पाहुण्याला घेऊनच आत आला, तेव्हाही काही बोलावं असं तिला वाटलं नाही.

परेश भला माणूस. कसाबसा चहा घेतला, जेवणाचं पुन्हा कधीतरी म्हणाले आणि निघून गेले. त्यांची गाडी वळली तसा धनेश वहिनीकडे फिरला.

"फुटली त्याचं मला काय नाय वयनी," तो म्हणाला. "पण तू माझ्याशी खोटं बोललीस. फोनवर खोटं बोललीस, आणि आज परक्या माणसासमोर मला तोंडघशी पाडलंस."

खोटं? आयुष्यात मालूवहिनी त्याच्याशी एकच खोटं बोलली असेल, तेही तो लहान असताना... मला भूक नाही, हे. तिचा नवरा जगन गेला तेव्हा तिचे वडील बेलपाड्याहून तिला न्यायला आले होते, दुसरं स्थळही त्यांनी बघून ठेवलं होतं. पण आईबाप नसलेला हा पोर तिच्या पदराला धरून उभा होता, आणि त्या मुठीतून पदर सोडवून घेणं तिच्या अंतःकरणाला झेपलं नाही. तिने संसार केला तो या दिराचा. आणि आज तोच आतल्या खोलीत बॅग भरत होता! बंदराजवळ द्रोणागिरीला मित्राची एक खोली रिकामी आहे, यापुढे सुट्टीत तिकडेच उतरेन, असं त्याने भिंतीकडे बघत सांगितलं.

तो बॅग घेऊन बाहेर आला तेव्हा ती उंबऱ्यात बसलेली होती.

"जा तू. मी आडवत नाय," ती म्हणाली. "एवढंच सांग, मी काय खोटं बोलली?"

"फौज वाढली म्हणालीस."

"वाढलीच ना. म्हणून तर सांगितलं."

धनेशने बॅग खाली ठेवली. "वाढली म्हंजे?"

ती गोंधळली. एवढ्या शिकलेल्या पोराला हे काय समजावून सांगायचं? "वाढली म्हंजे... बांगडी वाढते तशी."

पेणहून नवे मावळे यायचे होते, ते आले आणि फौजेत भर पडली, असं समजून आपण जहाजावर मित्रांना बढाया मारत फिरत होतो, हे धनेशच्या ध्यानात आलं आणि त्याला हसावं की रडावं ते कळेना. वैतागून तो म्हणाला, "अगं पण सरळ फुटली म्हणायचं ना!"

"तू दर्यात असताना?"

धनेशला तो दिवस आठवला. अंगणातून कुणीतरी ओरडलं होतं, जगनची होडी फुटली... तेव्हा तो याच उंबऱ्यावर पाटी घेऊन बसला होता. त्या दिवसापासून या घरात काहीच फुटलं नव्हतं. बशी हातातून सुटली तरी ती वाढायची, आरशाला तडा गेला तरी तो वाढायचा, आणि वहिनीची बोलायची रीतच तशी, असं समजून तो लहानाचा मोठा झाला होता, पण फौजेला तो अर्थ लावायचं त्याला सुचलंच नव्हतं. तो दर्यावर असताना एक अभद्र शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून ही बाई इतकी वर्षं जीभ चावून राहिली, आणि तिला आपण खोटारडी म्हटलं!

तो तिच्याशेजारी उंबऱ्यातच बसला. "चुकलो मी, वयनी," तो म्हणाला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं. जगनदादाच्या दहाव्यालाही ती रडली नव्हती. पोर घाबरेल, म्हणत होती.

"वयनी, आता मी घरात हाय. जमिनीवर हाय. आता बोल."

"नको."

"माझ्यासाठी बोल."

तिने त्याचा हात घट्ट धरला, खात्री करून घ्यावी तसा. मग आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू येईना.

"फुटली... तुझ्या दादाची होडी फुटली रे धनेश!"

आणि मालूवहिनी रडली. इतक्या वर्षांचं सगळं एकदम, शेजारच्या दारातून बायका डोकावेपर्यंत रडली. धनेश तिला धरून बसून राहिला, आणि रडू नको असं त्याने तिला एकदाही म्हटलं नाही.